वच्छलाच्या कार्डावर

जुळे सोलापूर
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय उदयसिंह,

वर आशीर्वाद लिहावा की नाही, याचा विचार करत पाच मिनिटं पेन धरून बसलो. थोरला आहे म्हणून देतो. घ्यायचा नसेल तर घेऊ नकोस.

आज पेपरात बजेटचे आकडे आले. दरवर्षीसारखं लाल पेन काढलं, संरक्षणाखाली एक रेघ मारली, आरोग्याखाली एक रेघ मारली आणि मग लक्षात आलं की दाखवायला समोर कुणीच नाही. तू फौजेतून सुभेदार होऊन परत आलास तेव्हापासून, बारा वर्षं, आपण हे केलं. ज्याचं खातं जास्त फुगलं त्यानं मिरचीची भजी आणायची. भजी कायम तूच आणलीस आणि वर कायम तेच बोललास, "दादा, त्यात आमची पेन्शन बी हाय की! समदं काय तोफंतच घालत्यात व्हय?" मी म्हणायचो, पेन्शन कुणाला नको आहे, पण आमच्या दवाखान्यात कापूस नसतो त्याचं काय? मग तू बर्फातल्या चौकीची गोष्ट काढायचास. आत स्वयंपाकघरात वैजयंती आणि तुझी वच्छला कानडीत काहीतरी बोलून खो-खो हसायच्या. आपल्यालाच हसत असणार.

यंदा भजी आणली नाहीत. एकट्या माणसाला छटाकभर भजी मागायची लाज वाटते.

तू फोन उचलत नाहीस. आशिषनं सांगितलं, "पप्पांनी तुमचा नंबर ब्लॉक केलाय, थोरले काका." मोहोळ इथून तासाभरावर आहे, मला येता येतं. पण तू मला फाटकातून परत पाठवशील आणि ते गल्ली बघेल. म्हणून पत्र लिहितोय. पत्र ब्लॉक कसं करायचं ते अजून तुमच्या मोबाइलवाल्यांना सापडलेलं नाही.

वैजयंतीला जाऊन आज दोन महिने झाले. सावडायच्या दिवशी, चार पाहुण्यांच्या देखत मी तुला म्हणालो की तुमच्या तोफांनी माझी बायको खाल्ली. रागाच्या भरात म्हणालो. तिच्या अस्थी गोळा करून तू नुकताच उभा राहिला होतास, ती वेळ नव्हती, हे मला मान्य आहे. पण बोललो ते खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही. सरकारी केंद्रात डायलिसिसची पुरेशी यंत्रं असती तर ती आज असती. यंत्रं नव्हती, कारण पैसा नव्हता. पैसा कुठे जातो त्याखाली मी लाल रेघ मारलेली आहे. कात्रण सोबत जोडलंय.

जेवणाचं ठीक आहे. सकाळी पोळ्या करायला एक बाई येते. आमटी माझी मी करतो, ती दोन दिवस पुरते.

तुझा,
महिपती


जुळे सोलापूर
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

उदय,

तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती असं लिहायला हवं, पण रोज दुपारी दोन जिने उतरून खालची पेटी उघडून बघतो, तर तसं कसं लिहू?

आज तुला माहीत असलेलंच लिहितो. या घरात आता बोलायला कुणी नाही आणि मनातल्या मनात तेच तेच बोलून कंटाळा आलाय.

मैंदर्गीला, त्यांच्या माहेरी, एकाच मांडवात आपली लग्नं लागली. आपण दोघं सख्खे भाऊ, त्या दोघी सख्ख्या बहिणी. चेहऱ्यानं इतक्या सारख्या की आपली आई वर्षभर चुकीच्या सुनेला हाक मारायची. मला मूलबाळ झालं नाही, तुझा आशिष सातवीपासून बारावीपर्यंत या घरात राहून शिकला. कुणाचं काय वेगळं आहे असं कधी वाटलंच नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत वैजयंतीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सरकारी केंद्रात ते फुकट होतं, पण यंत्रं तीन, त्यातलं एक बंद आणि यादीत हिचा नंबर अठ्ठेचाळीस. चार महिने खाजगीत केलं. पुढे झेपेना. तेव्हाचा तो रविवार आठवतो का? चौघं जेवायला बसलो होतो. दोघी बहिणी कानडीत बोलायला लागल्या, बराच वेळ बोलल्या. तू आणि मी आमटी भुरकत बसलो. पस्तीस वर्षांत आपल्याला "अक्का" सोडून कानडीतलं काही आलं नाही. शेवटी वच्छलानं पदराला हात पुसले आणि माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं आपलं कार्ड वैजयंतीच्या ताटाशेजारी ठेवलं.

"अक्का ह्याच्यावर जाईल," ती म्हणाली. "फोटू बगा की. कोण वळकतंय?"

तू हातातला घास तसाच धरून बसलास. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस तू, साधं रांगेत मध्ये घुसत नाहीस. मग म्हणालास, "गाडी मी आनतो." एवढंच. आणि मी? चौतीस वर्षं सरकारी कचेरीत एकही खोटी नोंद न केलेला माणूस. मी ताक मागितलं.

त्या दिवसापासून, ते कार्ड चालणाऱ्या दुसऱ्या खाजगी दवाखान्यात, वैजयंती वच्छला झाली. सिस्टर "वच्छलाबाई" म्हणून हाक मारायची आणि ही "ओ" द्यायची. एसी खोली, स्वच्छ चादर, वेळेवर यंत्र. मला ते बघून बरंही वाटायचं आणि रागही यायचा. एकाच आईबापाच्या दोन मुली. एकीचा नवरा फौजेत गेला, दुसरीचा कचेरीत. म्हणून एकीला चादर आणि दुसरीला अठ्ठेचाळीस नंबर.

सहा महिने निभलं. नोव्हेंबरच्या सव्वीस तारखेला वच्छलाच्या छातीत कळ आली आणि तू तिला त्याच दवाखान्यात आणलंस. त्यांनी फाइल उघडली, तर ही बाई आधीच त्यांची पेशंट, दोन्ही किडन्या निकामी. रक्ताचा रिपोर्ट म्हणतो किडन्या ठणठणीत. डॉक्टर चक्रावले. खरं काय ते कळेपर्यंत त्यांनी पुढची तपासणी थांबवली. तू दाराशी दात आवळून उभा होतास. बोललास तर वहिनीचं डायलिसिस बंद, नाही बोललास तर बायको हातची जाते. वच्छला शुद्धीवर होती, तिनंही तोंड उघडलं नाही. मग मी पुढे झालो आणि म्हणालो, "किडनीची पेशंट माझी बायको आहे. ही नव्हे."

तासाभरात वच्छलाच्या हृदयाची नळी मोकळी केली. कार्ड त्याच दिवशी जप्त झालं. वैजयंतीला त्या दवाखान्यानं रोख पैसे देऊनही घेतलं नाही, फसवणुकीची केस म्हणाले. बाकीच्या ठिकाणी जागा नव्हती. सहाव्या दिवशी तिला धाप लागली आणि ती गेली.

तुझी बायको वाचावी म्हणून मी माझी घालवली, उदय. आणि तू माझा फोन घेत नाहीस. हे मला कळत नाही.

महिपती


जुळे सोलापूर
सोमवार, ३१ मार्च २०२५

उदय,

काल पाडवा झाला. वर्षाच्या आत सण नाही, म्हणून गुढी नव्हती. समोरच्या इमारतीतल्या गुढ्या मोजल्या, अकरा होत्या.

आज मार्चअखेर. तुला फौजेत याचं काही वाटत नसेल, पण आमच्या कचेरीत या दिवशी चहावाला दहा फेऱ्या मारायचा. आलेला पैसा संध्याकाळपर्यंत मार्गी लागला नाही तर परत जातो. आरोग्याच्या टेबलावर मी सतरा मार्चअखेर काढले. त्यातल्या एकाबद्दल लिहायचं आहे. दोन पत्रं लिहिली आणि दोन्हीत ते टाळलं.

सहा वर्षांपूर्वीचा ३१ मार्च. दुपारी तीनच्या उन्हात नंदीश नावाचा एक तरुण डॉक्टर मोटारसायकलवरून आला. मैंदर्गीच्या पलीकडच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्याचा. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. त्याच्या दवाखान्याला तीन डायलिसिसची यंत्रं मंजूर होती. पैसा आलेला होता. माझ्या टेबलावरून फाइल पुढे गेली की काम झालं. मी फाइल चाळली. वीजभाराचा दाखला नव्हता. एक पान.

तो म्हणाला, "साहेब, वायरमन लाइनवर गेलाय. उद्या सकाळी दहाला आणून देतो."

"उद्या एक एप्रिल," मी म्हणालो.

"मागची तारीख टाका की, साहेब. पेशंट तीन-तीन तास एसटीनं सोलापूरला जातात हो."

मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, "डॉक्टर, मी मागची तारीख टाकत नाही." फाइलवर लिहिलं, त्रुटींसह प्रस्ताव परत. त्यानं फाइल उचलली आणि गेला. जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत होता, कारण तो सावकाश उतरत होता.

ते वाक्य मला इतकं आवडलं की घरी येऊन वैजयंतीला ऐकवलं. ती भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "मग यंत्रं?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी कोरोना आला. तो पैसा परत कधी आला नाही.

पुढच्याच रविवारी मी तुझ्याकडे मोहोळला जेवायला आलो होतो आणि तुला तासभर सुनावलं की दिल्लीवाले सगळा पैसा तोफांत घालतात, आमच्या जिल्ह्याला साधं यंत्र मिळत नाही. तू निमूट ऐकून घेतलंस आणि वच्छलाला मला आणखी एक पोळी वाढायला सांगितलंस.

आता उरलेलं सांगतो. कार्ड गेल्यावर वैजयंतीचा नंबर कुठवर आला ते विचारायला मी सरकारी केंद्रात रांगेत उभा होतो. पुढे धुळाप्पा नावाचा मैंदर्गीकडचा माणूस होता, बायकोला भिंतीशी बसवून आलेला. बोलता बोलता म्हणाला, "आमच्याकडं मशिनी येनार हुत्या की, साहेब. कुनी तरी बाबूनं परत धाडल्या म्हनं. लई कडक हुता म्हनं."

मी विचारलं, तुमच्या भागातले किती जण आहेत यादीत?

"निम्मी यादी आमचीच हाय की."

वैजयंतीचा नंबर अजून तेवीस होता. निम्मी यादी तिकडे गेली असती तर तो केव्हाच आला असता. हे मला तीस नोव्हेंबरला कळलं. दोन डिसेंबरला ती गेली. आणि चार डिसेंबरला मी तुला तोफांचं बोललो. सगळं माहीत असून बोललो, उदय. म्हणूनच इतक्या मोठ्यानं बोललो.

पहिल्या पत्रातलं कात्रण फाडून टाक.

महिपती


जुळे सोलापूर
रविवार, ११ मे २०२५

उदय,

काल संध्याकाळी आशिषचा फोन आला. तुलाही आला असेलच. तरी लिहितो, की तो सुखरूप आहे हे मला कळलं आहे.

त्याआधी लढाई चालू होती ते चार दिवस मी टीव्हीपुढून हललो नाही. पोळीवाली बाई म्हणाली, "काका, बंद करा की ते, तुमचा चेहरा बघवंना." आशिषची पलटण सीमेवर नेमकी कुठे आहे ते आपल्याला सांगत नाहीत, म्हणून नकाशावर जिथे बोट जाईल तिथे तो आहे असं वाटायचं. त्याचा फोन बंद. तू माझ्याशी बोलत नाहीस. वच्छलाला फोन करायचं धाडस होत नव्हतं. मी देवापुढे उभा राहिलो आणि जे मागितलं ते तुला सांगायलाच हवं. मी म्हणालो, पोराच्या मागे चांगल्यातली चांगली तोफ असू दे. महाग असली तरी चालेल. इतकी वर्षं लाल पेन घेऊन बसणारा मीच हे म्हणत होतो.

काय बरोबर आणि काय चूक याचा वाद आता मला झेपत नाही. आशिषला तोफ हवी आणि धुळाप्पाच्या बायकोला यंत्र हवं. आधी कुणाला द्यायचं ते दिल्लीत ठरतं. पण ठरवून झालेलं, माझ्या जिल्ह्यासाठी आलेलं, माझ्या टेबलावर ठेवलेलं मी परत केलं. तोफेनं नेलं नाही. मी तुझी माफी मागतो. चार पाहुण्यांत बोललो होतो, तर चार पाहुण्यांत मागायलाही तयार आहे. तू म्हणशील तिथे येतो.

आणखी एक. फेब्रुवारीत मी लिहिलं होतं की तुझी बायको वाचावी म्हणून मी माझी घालवली. ते खोटं आहे. त्या दिवशी वैजयंती वरच्या मजल्यावर यंत्राला जोडलेली होती. मी तिला जाऊन सांगितलं की खाली वच्छलाची तपासणी अडली आहे. ती म्हणाली, "मग तुम्ही इथं काय करताय? जा, सांगा." मी म्हणालो, थोडं थांबू, काहीतरी मार्ग निघेल. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला तिथे उभं राहवेना. "माझ्या बहिणीला माझ्या नावानं मरू देणार का?" म्हणाली. मी खाली आलो आणि बोललो. तिनं पाठवलं नसतं तर मी गप्प बसलो असतो, हे मला पक्कं माहीत आहे. श्रेय मात्र पाच महिने मी घेतलं.

वच्छलाला हे सांग. तिच्या बहिणीनं तिला वाचवलं, मी नाही.

घर फार शांत आहे, उदय. कुकरची शिट्टी झाली की बरं वाटतं.

महिपती


जुळे सोलापूर
शुक्रवार, २० जून २०२५

उदय,

कार्डाच्या चौकशीची नोटीस मलाही आली. आशिषकडून कळलं की वच्छलाची आणखी एक नळी तुंबलेली आहे, दुसरं ऑपरेशन लागणार आहे आणि कार्ड अडकल्यामुळे तुम्ही थांबला आहात. तू मला सांगणार नव्हतास. ठीक आहे.

मी चौकशीच्या कार्यालयात जाऊन आलो. तिथले बाबू माझ्याच जातकुळीतले निघाले, टेबलाची भाषा एकच असते. त्यांनी तोंडी सांगितलं की सुभेदारांना माहीत होतं असं निघालं, तर कार्ड कायमचं रद्द. माहीत नव्हतं, कुणी तिसऱ्यानं परस्पर वापरलं असं निघालं, तर समज देऊन कार्ड परत मिळतं.

म्हणून मी जबाब दिला आहे. प्रत सोबत आहे. त्यात लिहिलंय की गेल्या वर्षी मे महिन्यात मोहोळला मुक्कामी असताना मी वच्छलाच्या कपाटातून कार्ड उचललं. तिला दवाखान्यात फारसं जावं लागत नसल्यानं ते गेल्याचं तिच्या लक्षात आलं नाही. सुभेदार उदयसिंह वहिनीला दवाखान्यात पोहोचवत असले, तरी उपचार रोखीनं चालू आहेत असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं.

जबाब देण्याची मुदत सोमवारी संपली होती. बाबू म्हणाले, "साहेब, सोमवारची तारीख टाका, मी घेतो." मी टाकली.

माझं काय व्हायचं ते होऊ दे. या वयात मला कोण तुरुंगात घालतंय? घातलं तर निदान चार माणसं तरी भेटतील. तुला बोलावतील तेव्हा या जबाबाखाली "मान्य" एवढं लिहून सही कर. वच्छलाचं ऑपरेशन होऊ दे. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस तरी माझी तक्रार नाही.

महिपती


मोहोळ
२ जुलै २०२५

दादा,

मला लिवायची सवय न्हाय. चुकलंमाकलं समजून घ्या.

तुमची पाची पत्रं मिळाली. मी फोडली न्हवती. मागल्या आठवड्यात वच्छलानं फोडली आन सलग वाचून दावली. मदी मदी थांबत हुती. अक्कानं तुमाला खाली धाडलं ते वाचलं तवा उटून परसात गेली. लई येळानं आली. मग म्हनली, फुडं वाचते.

फायलीचं ऐकलं. त्याच्यावर मी काय बोलनार न्हाय. ते तुमचं तुमी बगा. वैनी असत्या तर त्यांनी काय ते बोललं असतं.

सावडायच्या दिसाचं लई लागलं हुतं. अजून लागतंय. तुमी माफी मागितली, वाचली, पर लागलेलं लगीच जात न्हाय. जाईल तवा सांगतो.

परवा त्या कार्यालयात बोलावलं. तुमचा जबाब म्होरं ठेवला. साहेब चांगला हुता. म्हनला, सुभेदारसाहेब, हितं सही करा, कार्ड घेऊन जावा. मी वाचलं. दोनदा वाचलं. सही केली न्हाय. दुसरा कागद मागितला आन लिवून दिलं की हे खोटं हाय. कार्ड माज्या बायकोनं माज्या म्होरं दिलं, मला समदं म्हायत हुतं, गाडी मी चालवली. खाली नाव, हुद्दा, नंबर घातला. कार्ड गेलं, कायमचं. घरी येऊन वच्छलाला सांगितलं, ती म्हनली बरं केलंत.

आता तिचं ऑपरेशन सरकारीतच करायचं. सोमवारी सात वाजता सोलापूरला नंबर लावायला येतोय. कुटल्या खिडकीवर जायचं, कुटला कागद आदी लागतो, मला त्यातलं काय कळत न्हाय. तुमाला कळतं. तुमी या. वच्छला म्हनते, दाजींशी बोलनं हुईल का न्हाय ते तितं गेल्यावर बगू, पर त्यांना या म्हनावं.

आनी एक. तुमाला म्हायत न्हाय असं एक सांगतो. मशिनीवरनं उतरल्यावर वैनीला लई तहान लागायची, आन पानी तर मोजूनच द्यायचं. मग येताना होटगी रोडला गाडी कडंला घ्यायचो. एक कप चहा दोगात. बशीत वतून दोन घोट त्या घ्यायच्या, डोळं मिटून. म्हनायच्या, भावजी, ह्यास्नी सांगू नका, लई कायद्याचा मानूस हाय. आन हसायच्या. सा म्हैनं, एक बी खेप चुकली न्हाय.

बर्फात हुतो, वाळवंटात हुतो, देशाचं काम केलं म्हनत्यात, केलं आसंल. पर समोरच्या मानसाला आपल्यामुळं बरं वाटतंय, हे मला त्या गाडीत बसून दिसलं. तुमी लिवून दिलंत की मला त्यातलं काय म्हायतच न्हवतं.

दादा, तेवडं माज्याकडनं काडून घेऊ नका.

उदय